सताड उघडी दारं

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर येऊन ते पुन्हा बसलं. भर रस्त्यात म्हैस बसावी तसं. हलत नाही, उठत नाही, आणि आपण भोवती नुसते हातवारे करत उभे. सकाळपासून ही तिसरी वेळ होती आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली होती.

शनिवार होता. एवढ्या मोठ्या ऑफिसात आम्ही दोघीच, मी आणि नेटवर्क सांभाळणारी ताई. ताई माझी कुणी नात्यातली नाही. ती सगळ्यांचीच ताई आहे, अगदी तिच्याहून मोठ्यांचीसुद्धा. ती शेजारच्या खुर्चीवर पाय वर घेऊन शेंगदाणे खात होती आणि दर थोड्या वेळाने म्हणत होती, "हलेल गं." मला ते ऐकवत नव्हतं.

आमची कंपनी रक्ततपासणीचं काम करते. ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून नमुने येतात, ते तपासले जातात आणि अहवाल संगणकावरून डॉक्टरांकडे जातात. हे सगळं चालतं मागच्या थंडगार खोलीतल्या सहा मोठ्या यंत्रांवर. त्या यंत्रांच्या पोटात शेकडो व्हर्च्युअल मशीन आहेत, एका इमारतीत शेकडो बिऱ्हाडं असावीत तशी. कुणाला कुठल्या यंत्रावर ठेवायचं, कुणाला हलवायचं, कुणाचं काय दुखतंय, हे सगळं बघायला एक वेगळा सर्व्हर असतो. मी त्याला कारभारी म्हणते. कारभारी बंद पडला म्हणून बिऱ्हाडं लगेच रस्त्यावर येत नाहीत. पण मग कुणाला हलवता येत नाही, नवं काही उभं करता येत नाही आणि कुठे काय बिघडलंय तेही दिसत नाही. डोळ्यांना पट्टी बांधून गाडी चालवायची, इतकंच.

हा कारभारी म्हातारा झाला होता. त्याची नवी आवृत्ती बसवायची, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. मागच्या महिन्यात एकदा करून पाहिलं आणि तोंडावर आपटलो, कारण एका ठिकाणी लागणारी परवानगी सुरक्षा विभागाने दिलीच नव्हती.

आता हा सुरक्षा विभाग म्हणजे कोण, तर माझा नवरा.

ऑफिसात त्याला किल्लेदार म्हणतात. दरवाजा बंद म्हणजे बंद, मग बाहेर राजा का उभा असेना. कुणाला कुठल्या फोल्डरात डोकावता येईल, कुणाला नाही, हे तो ठरवतो. अर्ज केल्याशिवाय तो काही देत नाही, आणि अर्ज केला तरी लागेल तेवढंच, लागेल तेवढ्याच वेळापुरतं देतो. लोक एकमेकांना घाईघाईत सगळंच उघडून देतात याचा त्याला एवढा संताप, की त्याने एक नियमच करून घेतला आहे: अर्जाशिवाय कुणी सरसकट परवानगी दिली, तर देणाऱ्याचे सगळे अधिकार महिनाभर काढून घ्यायचे. त्यावर साहेबांची सही घेतली, माझीही घेतली. घरी जेवताना घेतली, हे विशेष.

मागच्या महिन्यातल्या फजितीनंतर बैठक झाली. तिथे मी सगळ्यांसमोर बोलले. काम आमचं पण किल्ल्या यांच्याकडे, असं कुठवर चालायचं, असं म्हणाले. नवरा म्हणून पाठीशी घालायची माझ्यावर सक्ती नव्हती, आणि त्यानेही तशी अपेक्षा केली नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला. साहेब मात्र माझ्याकडे बघत म्हणाले, की पुढच्या खेपेला जमलं नाही तर हे काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. मग माझं आणि माझ्या हाताखालच्या तिघांचं काय, असं मी विचारलं. "बघू," ते म्हणाले. नोकरी करणाऱ्या माणसाला 'बघू'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तर आज ती पुढची खेप होती. संध्याकाळपर्यंत कारभारी उभा राहिला नाही, तर सोमवारी आम्ही चौघं कुठल्या टेबलाशी बसणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर आणि घरात अबोला.

तो सोमवारपासून चालू होता. माझे बाबा एकटे राहतात, गाडीने तीनेक तासांवर. न्हाणीघरात घसरून पडले, मनगट दुखावलं. शेजारणीने कळवलं तेव्हा मी फोनवर लगेच म्हणाले, बाबा, बस झालं एकटं राहणं, आमच्याकडे या, कायमचे या. बाबा थोडं थांबून म्हणाले, "त्याला विचारलंस का?" मी म्हटलं, "त्यात काय विचारायचंय? घर माझंही आहे."

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी नवऱ्याला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. त्याने भाजीचा घास खाली ठेवला. "बाबा येतायत याचा आनंदच आहे," तो म्हणाला, "पण मला विचारायचं तरी होतंस."

एवढंच म्हणाला. आवाजही चढवला नाही. पण माझा भडका उडाला. मी म्हटलं, ऑफिसात तुला विचारू, घरात तुला विचारू, श्वास घ्यायचा तर कुणाकडे अर्ज करू तेही सांग. त्यावर तो गप्प बसला तो बसलाच. गप्प बसण्यात तो पटाईत आहे. मीही काही कमी नाही.

चार दिवस एका घरात राहून आम्ही ऑफिसच्या अर्जांतून बोललो. बुधवारी मी अर्ज टाकला. विषय: दूध. तपशील: संपले आहे. त्याने तो 'अपुरी माहिती' असा शेरा मारून परत पाठवला. मी पुन्हा टाकला, किती लिटर तेही लिहून. संध्याकाळी फ्रिजमध्ये दूध होतं आणि अर्ज रीतसर बंद झालेला. ताईला हे सांगितलं तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नव्हतं.

आणि आज शनिवार. मी उठले तेव्हा तो घरात नव्हता. गाडीही नव्हती. माझ्या अपग्रेडच्या दिवशी गाडी घेऊन हा माणूस कुठे उलथला, म्हणून फोन लावला तर फोन बंद. मी बसने आले, उभी राहून.

आता पडद्यावर अठ्ठ्याऐंशी टक्के आणि खाली तांबड्या अक्षरांत तीच ओळ: डेटाबेस सुरू होऊ शकला नाही, परवानगीची अडचण. डेटाबेस म्हणजे कारभाऱ्याची स्मरणशक्ती. ती जागी झाल्याशिवाय कारभारी उठणार कसा?

'परवानगी' हा शब्द दिसला आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही येईच ना. पुन्हा तेच. पुन्हा यानेच कुठलं तरी दार लावून ठेवलंय. आणि वर फोन बंद करून बसलाय.

ज्यांच्याकडून हे सॉफ्टवेअर घेतलं होतं त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडे एक अतिशय गोड आवाजाचा माणूस होता. माझा त्रास तो समजू शकतो, असं तो म्हणाला. घड्याळं जुळतात का पाहा म्हणाला. जुळत होती. डिस्कवर जागा आहे का पाहा म्हणाला. रग्गड होती. बंद करून चालू करा म्हणाला. ते तर मी त्याला फोन लावायच्या आधीच दोनदा केलं होतं. मग त्याने सगळे लॉग, म्हणजे यंत्राने स्वतः केलेल्या नोंदी, पाठवायला सांगितले आणि म्हणाला, तोवर एक करून पाहा, जिथे परवानगीची तक्रार येतेय तिथे पूर्ण परवानगी देऊन पाहा.

मी दिली. जिथे जिथे हात पोचला तिथे तिथे दिली, एकेकीचा अर्ज टाकून. तरी हलेना, तेव्हा सकाळी कामाला लागायच्या आधी घेतलेल्या प्रतीवर परत गेले, म्हणजे सर्व्हर जसा होता तसा पुन्हा उभा केला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा अठ्ठ्याऐंशी. पुन्हा म्हैस.

मधेच साहेबांचा फोन. ते कुठल्याशा समारंभात होते, मागे भांड्यांचा आवाज येत होता. काय झालं म्हणाले. आणि मी सांगून टाकलं. सुरक्षा विभागाने याही वेळी परवानग्या अडवल्यात आणि त्यांचा फोन बंद आहे, असं सांगितलं. 'त्यांचा' म्हणाले मी, अगदी मानाने. साहेब म्हणाले, सोमवारी सकाळी त्याचा निकालच लावतो.

फोन ठेवला तेव्हा मला बरं वाटलं. खरं तेच सांगते. चांगलं गार वाटलं पोटात.

ताई शेंगदाणे चावायची थांबली होती. "त्याचीच चूक आहे हे नक्की का?" तिने विचारलं. मी म्हटलं, आडात असेल तर पोहऱ्यात येणार ना, त्यानेच दिलं नाही तर मला कुठून मिळणार. तिने खांदे उडवले.

दुपारी गोड आवाजाच्या माणसाचा परत फोन आला. लॉग वाचायला वेळ लागेल, सोमवारी कळवतो म्हणाला. सोमवारी! सोमवारी कळवून काय उपयोग, सोमवारी आमचं बारावं तेरावं उरकलेलं असेल. मी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली. डबा लोखंडी होता.

मी पाय चोळत बसलेली बघून ताई उठली, चष्मा चढवून माझ्या पडद्याजवळ आली आणि म्हणाली, "मला जरा ते पूर्ण वाचू दे."

मी म्हटलं, परवानगीची अडचण, त्यात वाचायचंय काय.

"ही झाली वरची ओळ. डेटाबेसचा स्वतःचा लॉग उघड ना. तो काय म्हणतोय?"

उघडला. सकाळपासून मी तो तीनदा उघडला होता आणि 'परवानगी' शब्दापाशी येऊन तीनदा मिटला होता. ताईने बोट ठेवून पुढचं वाचलं. या फोल्डरची परवानगी मालकापुरतीच असायला हवी. इतरांनाही ती दिलेली आढळली. म्हणून सुरू होण्यास नकार.

मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"कमी पडत नाहीये," ताई म्हणाली. "जास्त झालंय. अति तिथे माती."

असा स्वभाव असतो त्या डेटाबेसचा, आणि तो बरोबरच आहे. ज्या घरात आपले जिन्नस आहेत ते वाटेल त्याला उघडता येत असेल, तर तो कामाला लागतच नाही. कुणीही येऊन कुणाचंही काहीही बदलून जाईल, त्यापेक्षा मी बंद बरा, असं त्याचं म्हणणं. आणि मी दिवसभर त्याला आणखी दारं उघडून देत होते. ज्याचा ढेकर थांबत नाही त्याला वाढत होते.

मी मुळापासून फोल्डर बघायला घेतले. एकूण एक उघडं. सगळ्यांना सगळं. वाचा, लिहा, चालवा, या बसा. एवढं सगळं मी नक्कीच उघडलं नव्हतं. मी दिलेल्या परवानग्या प्रतीवर परत गेल्याबरोबर पुसल्या जात होत्या. म्हणजे हे आधीचं होतं, सकाळी प्रत घेतली त्याच्याही आधीचं. म्हणूनच कितीदा मागे गेले तरी तीच उघडी दारं माझ्याबरोबर परत येत होती.

आणि इतकं उघडायची किल्ली फक्त दोघांकडे आहे. एक मी, तीही मागच्या फजितीनंतर अडीअडचणीला म्हणून मिळालेली.

मला काही सुचेना. ज्या माणसाने दुधाचा अर्ज परत पाठवला, तो असं करेल? डोकं फिरलं होतं का त्याचं? की मुद्दाम? घे तुला हव्यात ना परवानग्या, घे सगळ्या, आणि बस बोंबलत? चार दिवसांच्या अबोल्यानंतर माणूस कुठल्याही थराला जाऊ शकतो, असं माझ्या मनात आलं. पुन्हा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. मग फोनच टेबलावर आपटला.

ताई म्हणाली, "त्याला नंतर खा. आधी हे आवर."

आवरणं सोपं नव्हतं. उघडायला एक हुकूम पुरतो, सगळ्याला एकदम. बंद करायला तसं चालत नाही. प्रत्येक फोल्डरचा मालक वेगळा, प्रत्येकाची मुभा वेगळी. काही फक्त डेटाबेसचे, काही वेब सेवेचे, काही किल्ल्या अशा की त्यांच्याकडे दुसऱ्याने नुसतं पाहिलेलंही चालत नाही. सरसकट बंद केलं असतं तर उरलेलं निम्मं घर मेलं असतं. नशीब की आमच्याकडे याच कारभाऱ्याचा एक धाकटा भाऊ आहे, चाचणीसाठी ठेवलेला. त्याला कुणी हात लावला नव्हता. तो एका पडद्यावर, हा दुसऱ्या पडद्यावर, आणि त्याच्याकडे बघून याचं एकेक दार लावायचं. ताई वाचत गेली, मी लावत गेले. पाठ मोडून निघाली. मनातल्या मनात नवऱ्याला अशा शिव्या घातल्या की ज्या मला येतात हे मलाही माहीत नव्हतं.

मधे एकदा ताई म्हणाली की साहेबांना तू सांगितलंस ते आता चूक ठरलं ना. मी म्हटलं, अडवलं नाही पण बिघडवलं तर त्यानेच. ती म्हणाली, ते खरं, पण दोन्ही सारखं नाही. मी पुढचं फोल्डर उघडलं.

शेवटचं दार लागलं. नवी प्रत घेतली, हात पुसले आणि अपग्रेड पुन्हा सुरू केलं. दहा टक्के, तीस टक्के. साठाला मी उठून फेऱ्या मारायला लागले. ताईने शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे केली. मी दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी तोंडात टाकलं.

पंच्याऐंशीला फोन वाजला. बाबांचा होता. घ्यावा की नाही असं वाटलं, पण ते पडल्यापासून त्यांचा फोन न घेण्याचं धाडस मला होत नाही.

"कामात आहेस का गं?" बाबा म्हणाले. मागे गाड्यांचे आवाज येत होते. मी विचारलं कुठे आहात. "चहाला थांबलोय रस्त्यात. अर्ध्याहून जास्त आलो. तुला सांगू नका म्हणाला, आज तिचं मोठं काम आहे, तिला काही विचारू नका. पण म्हटलं संध्याकाळी एकदम दारात उभा राहिलो तर दचकशील."

मला कळायला वेळ लागला. कोण म्हणाला, असं विचारलं. "जावई," बाबा म्हणाले. "सकाळीच आला. माझं सगळं सामान त्याने बांधलं, मला एका हाताने काय जमणार. त्याचा फोन कधीचा मेलाय, चार्जर घरी विसरला. थांब, देतो त्याला."

मग तो फोनवर आला. पाच दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. "झालं का अपग्रेड?" असं विचारलं त्याने, जणू काही झालंच नाही.

मी म्हटलं, "फोल्डर तू उघडलेस?"

"हो. काल संध्याकाळी. सगळे." मग जरा खालच्या आवाजात, "मी आज नसणार होतो. म्हटलं तुला आजच्या दिवस तरी कुणाकडे काही मागायला लागू नये."

हे ऐकलं, तरी राग त्याच्या पुढे होता. दिवसभराचा राग. उभी राहून केलेला बसचा प्रवास, तो गोड आवाज, कचऱ्याचा डबा, ठणकणारा अंगठा, सगळंच एकदम वर आलं.

"अरे, डेटाबेस सुरू होत नव्हता त्याने! सकाळपासून मरतेय मी इथे! तू नियम लिहिणारा माणूस, तुला कळत नाही? निदान मला विचारायचं तरी होतंस."

  ताईने शेंगदाणा तोंडाशी नेलेला तसाच धरला होता.

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. सोमवारी, जेवणाच्या टेबलावर. तेव्हा त्याचं होतं.

फोनमधून गाड्यांचे आवाज येत राहिले. कुणीतरी कप आपटले. मग तो म्हणाला, "विचारायला हवं होतं. चुकलं." आणि जरा थांबून, "साहेबांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं, तू अडवलंस असं सांगितलंय. लपवण्यात अर्थ नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "आता खरं सांग. नियम माझाच आहे."

"मीही विचारायला हवं होतं," असं मी म्हणणार होते. पण ताई माझा दंड हलवत पडद्याकडे बोट दाखवत होती. एक्क्याण्णव टक्के. अठ्ठ्याऐंशी कधी मागे पडलं ते मी बघितलंही नाही. दिवसभर ज्या आकड्याकडे टक लावून बसले होते, तो माझ्या पाठीमागून निघून गेला होता.

शंभर झाले. कारभारी उठला, बिऱ्हाडं एकेक करून त्याच्या यादीत दिसू लागली. सगळी जिवंत, जागच्या जागी. ताईने टाळी दिली. माझा हात टाळी द्यायला उचलला गेला खरा, पण त्यात जीव नव्हता.

साहेबांना फोन लावायचा होता. फोन हातात धरून मी बराच वेळ बसले. मोह झाला, नाही असं नाही. आता सगळं चालू झालंय, अपग्रेडमध्येच दोष होता म्हटलं तर कोण बघायला येणार? तो सुटला असता, मीही सुटले असते. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच, आणि इथे तर संन्यासी कुठली तरी लांबची कंपनी. पण दुपारी याच फोनवरून मी नवऱ्याच्या नावाने खोटं बोलले होते. तेव्हा ते खोटं आहे हे माहीत नव्हतं. आता माहीत असून पुन्हा बोलायचं, तेही त्याच्याच नावाने, हे मला जमेना.

साहेबांना सांगितलं. काम झालं. दुपारी मी बोलले ते चूक होतं, त्यांनी काहीच अडवलं नव्हतं, न वाचता बोलले. उलट मला सोपं जावं म्हणून त्यांनी सगळंच उघडून दिलं, अर्जाशिवाय, आणि त्याने डेटाबेस अडला.  साहेबांना नवरा-बायकोच्या भानगडीत पडायचं नसावं.

"म्हणजे नियम मोडला," ते म्हणाले.

"मोडला."

"मग महिनाभर त्याच्या किल्ल्या दुसऱ्याकडे द्याव्या लागतील. दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

माझ्याकडे, मी सांगितलं.

बाहेरच्या कंपनीचं काय, हे विचारायचा धीर होत नव्हता, पण विचारलं. साहेब म्हणाले, आता काम झालंय ना, मग कशाला. आणि मागे समारंभात कुणीतरी त्यांना हाक मारली.

ताईला घट्ट मिठी मारून मी घरी आले. बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी राग पुरता उतरला नव्हता. तो आता कुणावर आहे तेवढं समजत नव्हतं. सोमवारपासून हा माणूस माझ्याच कामापायी किल्ल्या गमावून बसणार होता. कुठलंही फोल्डर उघडायचं तर माझ्याकडे अर्ज करणार होता. आठवडाभर मला नेमकं हेच हवं होतं. मिळालं तर घशाखाली उतरेना.

घरी आल्यावर मी सामान आणायला सोपं जावं म्हणून बाहेरचं दार सताड उघडून ठेवलं. धाकट्या खोलीतली खुर्ची हलवली, पलंगावर धुतलेली चादर घातली. उजेड अजून होता तेवढ्यात गाडी खाली थांबली. नवरा दोन पिशव्या आणि एक ट्रंक घेऊन जिना चढून वर आला. दमला होता, दाढी वाढली होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "ट्रंक कुठे ठेवू?" मी म्हटलं, धाकट्या खोलीत. सोमवारपासूनचं घरातलं हे आमचं पहिलं बोलणं.

तो आत गेला. मागून बाबा आले, सावकाश, दुखरं मनगट छातीशी धरून. आणि उंबऱ्याबाहेर थांबले. चपला काढल्या, पण पाय आत टाकला नाही.

मी म्हटलं, "या ना बाबा, दार उघडंच आहे."

"उघडं आहे ते दिसतंय मला," बाबा म्हणाले. दम लागला होता, तरी त्यांनी चौकटीला हात लावला नाही. "नुसत्या उघड्या दारातून शिरायचं माझं वय नाही. कुणी या म्हटलं तर येतो."

या तर मी आताच म्हणाले होते. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. सोमवारी फोनवर त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला होता. तो प्रश्न घेऊन ते तीन तास गाडीत बसून आले होते.

नवरा धाकट्या खोलीच्या दारात उभा होता.  त्याने आधी माझ्याकडे बघितलं.

मी त्याला विचारलं, "बाबांनी आपल्याकडे राहायला यावं का? कायमचं?"

हे विचारायला मला पाच दिवस लागले होते, आणि विचारताना माझा आवाज एवढा बारीक झाला की बाबांना ऐकूही गेलं नसेल.

"हो," तो म्हणाला. मग ट्रंकेला धरून काळे झालेले हात पँटला पुसत पुढे आला, माझ्या बाजूला उभा राहिला आणि बाबांच्या चांगल्या हाताला धरून म्हणाला, "या, बाबा."

बाबा आत आले. मी मागे वळून दार लावलं.